सर्व्हिस डॉगला सरकारी ओळखपत्र सक्तीचं करावं का? माझं मत: हो, करावं

कराडची_लेक
मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. चार वर्षांपूर्वी हायवेवर मोठा अपघात झाला, त्यातून हाडं जुळली पण पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) आणि पॅनिक अटॅक मागे लागले. गेली दोन वर्षं माझ्यासोबत सायकिअ‍ॅट्रिक सर्व्हिस डॉग आहे, म्हणजे मानसिक त्रासात मदत करायला शिकवलेलं कुत्रं, काळी लॅब्रेडॉर, नाव कोयना.

गेल्या महिन्यात एका इंडियन ग्रोसरीत भाजीपाशी उभी होते. समोरून एक बाई ट्रॉलीत छोटं कुत्रं बसवून आल्या, कुत्र्याच्या अंगावर लाल जॅकेट, त्यावर मोठ्या अक्षरात सर्व्हिस डॉग. आम्ही जवळ आलो तसं ते कुत्रं ट्रॉलीतून उडी मारून थेट कोयनाच्या तोंडावर आलं. कान फाटला, चार टाके पडले. बाई म्हणतात आमचं पण रजिस्टर्ड आहे आणि पर्समधून कार्ड काढून दाखवलं. दुकानातला मुलगा म्हणाला दोघी पण बाहेर जा. मी गाडीत बसून अर्धा तास थरथरत होते आणि कोयना कानातून रक्त गळत असताना माझ्या मांडीवर आडवी पडून होती, कारण तिला तेच शिकवलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हे कुत्रं लाडाचं नसतं, त्याला ठरावीक कामं शिकवलेली असतात. मी घाबरायला लागले की आधी नकळत अंगठ्याची कातडी सोलते, कोयना नाकाने तो हात ढकलून बाजूला करते. नाहीच थांबले तर मांडीवर पूर्ण वजन टाकून पडते, २८ किलो, दहा-पंधरा मिनिटांत श्वास जागेवर येतो. रांगेत माझ्या पाठीशी आडवी उभी राहते म्हणजे मागचा माणूस एकदम अंगाशी येत नाही. रात्री वाईट स्वप्न पडलं की पायाने दाबायचा दिवा लावते आणि पांघरूण ओढते. शब्द सगळे मराठीत शिकवलेत, मांडी, मागे, दार. "दार" म्हटलं की गर्दीतून मला बाहेर काढते.

हे शिकवायला ट्रेनरच्या मदतीने दोन वर्षं गेली, आणि त्याआधीचा एक कुत्रा ट्रॉलीच्या आवाजाला घाबरायचा म्हणून सोडून द्यावा लागला, तो आता माझ्या नणंदेकडे मजेत आहे. एवढं सगळं करून माझी आणि इंटरनेटवरून जॅकेट मागवणाऱ्या बाईंची किंमत दुकानदाराच्या लेखी एकच. म्हणून म्हणते, सरकारने परीक्षा घ्यावी, कार्ड द्यावं, ज्याच्याकडे कार्ड नाही त्याने कुत्रं घरी ठेवावं.

मीठभाकर
ताई, कोयनाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. पण तुमच्या मताला माझा पूर्ण विरोध आहे, आणि मी पण सर्व्हिस डॉगवालीच आहे, ओहायोत, कुत्रा मी एकटीने शिकवला.

एडीए म्हणजे अमेरिकेतला अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० चा, त्यातल्या सर्व्हिस डॉगच्या नियमांची आत्ताची व्याख्या मार्च २०११ पासून लागू आहे आणि त्यात कार्ड, नोंदणी, सर्टिफिकेट काहीही लागत नाही हे मुद्दाम ठेवलंय. संस्थेकडून तयार कुत्रं घ्यायचं तर १५ ते ३० हजार डॉलर कुठेही गेले नाहीत, काही संस्था माजी सैनिकांना फुकट देतात पण तिथे दोन-दोन वर्षांची वेटिंग लिस्ट. माझ्यासारखीला, जिची नोकरी आजारपणात गेली, स्वतः शिकवण्याशिवाय दुसरा रस्ताच नव्हता. आता त्यावर परीक्षेची फी, परीक्षेचं गाव चार तास लांब, डॉक्टरचं पत्र, दर दोन वर्षांनी रिन्यूअल. पॅनिक डिसऑर्डर असलेल्या माणसाने अनोळखी हॉलमध्ये परीक्षकासमोर उभं राहायचं, तेव्हा त्याला किराणा आणायची परवानगी. हे बरोबर आहे का?

आणि त्या बाईंनी तुम्हाला कार्डच दाखवलं ना! ५०-१०० डॉलर भरले की असली कार्डं घरपोच येतात, कायद्याने त्यांना काडीची किंमत नाही. सरकारी कार्ड आलं की त्याचीही नक्कल येईल. एक अजून, छोटं कुत्रं म्हणजे खोटं असं नाही, साखर कमी झाल्याचं वासाने ओळखणारी छोटी कुत्री असतात. तुमच्या प्रसंगात खोटेपणा जॅकेटवरून नाही, वागण्यावरून कळला.

हॉटेलवाला_डॅलस
मी दुसऱ्या बाजूने सांगतो. आमचं छोटं रेस्टॉरंट आहे, थाळी आणि वडापाव. शनिवार-रविवार किमान एक तरी कुत्रं येतं. मला फक्त दोन प्रश्न विचारता येतात, हे कुत्रं अपंगत्वामुळे लागणारं सर्व्हिस अ‍ॅनिमल आहे का आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. कागद मागता येत नाही, करून दाखवा म्हणता येत नाही. आणि खोटं बोलणाऱ्याला ही दोन उत्तरं पाठ असतात. खरा माणूस उलट गोंधळतो, अडखळतो, मग आम्हाला तोच खोटा वाटतो. एकदा एक माजी सैनिक आला होता, प्रश्न विचारल्यावर त्याचा चेहरा असा पडला की तो न जेवताच गेला, मला अजून आठवतं. कार्ड असतं तर बघून "या, बसा" म्हटलं असतं. माझा कराडच्या ताईंना पाठिंबा.

मीठभाकर
दादा, तुमचा त्रास खराच आहे. पण एक गोष्ट बहुतेक दुकानदारांना माहीत नसते. कुत्रं आवरेना झालं आणि मालक आवरत नसेल, किंवा कुत्र्याने आत घाण केली, तर ते खरं सर्व्हिस डॉग असलं तरी तुम्ही त्याला बाहेर काढू शकता, कायद्यातच लिहिलंय. माणसाला मात्र कुत्र्याशिवाय आत येऊन जेवायची मुभा द्यायची. म्हणजे त्या दुकानातल्या मुलाने ट्रॉलीतल्या कुत्र्याला काढायचं होतं आणि ताईंना थांबवून घ्यायचं होतं. अधिकार होता, माहिती नव्हती.

श्वास
माझ्या मुलाला दमा आहे आणि कुत्र्याच्या केसांची जबरदस्त अ‍ॅलर्जी. शाळेत त्याच्याच वर्गात एका मुलीचं सर्व्हिस डॉग आलं तेव्हा आम्हाला सांगितलं गेलं की अ‍ॅलर्जी किंवा भीती हे नाकारायचं कारण होत नाही, दोघांची सोय वेगवेगळ्या कोपऱ्यात करू. केली पण, नाही असं नाही. पण पहिल्या आठवड्यात दोनदा नेब्युलायझर लावावा लागला. त्या मुलीचा हक्क मला मान्य आहे, मनापासून मान्य आहे. पण जिथे एकाच्या हक्कासाठी दुसऱ्याचा श्वास अडकतो तिथे समोरचं कुत्रं खरंच गरजेचं आहे एवढी खात्री मागणं जास्त आहे का? खरं असेल तर मी माझ्या मुलाला दुसऱ्या बाकावर बसवीन. हौसेखातर असेल तर का सोसायचं?

चिनारखाली
मी क्लिनिकल सायकॉलॉजीत काम करते, कॅलिफोर्नियात. कार्डापेक्षा आधीचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, किती जणांना खरंच सर्व्हिस डॉग लागतो? माजी सैनिकांच्या सरकारी खात्याने पीटीएसडी असलेल्यांचे दोन गट केले, एकाला सर्व्हिस डॉग, दुसऱ्याला नुसता इमोशनल सपोर्ट डॉग, म्हणजे ठरावीक कामं न शिकवलेला, मनाला आधार देणारा सोबतीचा कुत्रा, आणि १८ महिने पाहिलं. रोजचं कामकाज आणि जगण्याचा दर्जा यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही, पीटीएसडीच्या लक्षणांत मात्र सर्व्हिस डॉगवाल्यांना थोडा जास्त उतार पडला. २०२४ मध्ये दुसरा एक अभ्यास आला, १५६ जणांचा, त्यात तीन महिन्यांनंतर सर्व्हिस डॉग असलेल्यांमध्ये पीटीएसडीचं निदान कायम राहण्याचा संभव बराच कमी निघाला, पण तिथे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, म्हणून फरक कुत्र्यामुळेच पडला असं ठामपणे म्हणता येत नाही.

माझ्याकडे येणारे पुष्कळ जण थेरपी सुरू व्हायच्या आधीच "कुत्र्याचं पत्र द्या" म्हणतात, म्हणजे आजारासाठी कुत्रं लागतं असं लिहून द्या. आमच्या राज्यात २०२२ पासून सपोर्ट डॉगचं पत्र द्यायच्या आधी निदान ३० दिवसांची ओळख लागते, ते बरंच झालं. काही जणांच्या बाबतीत कुत्रं टाळाटाळीचं साधन होतं, त्याच्याशिवाय दाराबाहेर पाऊलच टाकत नाहीत, म्हणजे भीती तिथेच राहते.

कराडची_लेक
ही शंका मला माझ्या थेरपिस्टने पण विचारली होती. मी गोळ्या सोडलेल्या नाहीत, थेरपी सोडलेली नाही. कोयना यायच्या आधी आठ महिने मी गाडीत बसले नव्हते, थेरपिस्ट म्हणायची फक्त सीटवर बसून या, तेवढंही होईना. कोयनाला मागच्या सीटवर बसवून पहिल्या दिवशी ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत गेले. आता ऑफिसला स्वतः चालवत जाते. कुत्र्यामुळे थेरपीचा गृहपाठ करता आला, माझ्यापुरतं तरी असं झालं.

आणि सोपं आहे असं कुणी समजू नका. जानेवारीत पहाटे साडेपाचला बर्फात तिला न्यायचं, रस्त्यावरच्या मिठाने पंजे फाटतात म्हणून चार बूट चढवायचे, परत आल्यावर पोट पुसायचं. पॅनिक अटॅक येऊन गेलेल्या सकाळी पण हे चुकत नाही. कुठेही गेलं की चार अनोळखी माणसं विचारणार तुम्हाला काय झालंय, दिसत तर धडधाकट आहात. माझा आजार दिसत नव्हता तो आता दिसायला लागला, ही पण एक किंमत आहे.

आई कराडहून आली तेव्हा कुत्रं घरात म्हणून पंधरा दिवस धुसफूस, देवघराच्या खोलीचं दार कायम लावलेलं. एका रात्री तीनला माझ्या खोलीत दिवा लागलेला बघून ती ओरडायला आली की अजून जागीच का, तर मी पलंगावर घामाने भिजलेली आणि कोयना पांघरुणाचं टोक तोंडात धरून मागे मागे ओढतेय. आई दारातच उभी राहिली. सकाळी काही बोलली नाही, चहा ठेवता ठेवता फक्त विचारलं, ही रोज उठते का गं रात्री? आता व्हिडिओ कॉलवर आधी विचारते, ड्युटीवर आहे का ती, मग हाक मारते. देवघराचं दार अजून लावूनच घेते, ते असू दे.

मुठेकाठचा
पुण्यातून लिहितोय. माझ्या धाकट्या भावाला पॅनिक डिसऑर्डर आहे, आम्ही एका ट्रेनरकडून लॅब्रेडॉर तयार करून घेतला. इथे तुमच्यासारखा कायदाच नाही. हॉटेल, बँक, मॉल, सगळीकडे वॉचमनच्या मर्जीवर. रेल्वेत न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे काढा नाहीतर त्याला ब्रेक व्हॅनमध्ये टाका, मग उपयोग काय? सोसायटीने लिफ्टमध्ये बंदी घातली होती, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या गाइडलाइन्सची प्रिंट सेक्रेटरींच्या हातात दिली तेव्हा कुठे गप्प बसले, आणि ती पण साध्या पाळीव कुत्र्यासाठीची, सर्व्हिस डॉगचा त्यात विषयच नाही. आपल्याकडे कागद दाखवल्याशिवाय कुणी ऐकत नाही म्हणून मी पण आधी कार्ड पाहिजे म्हणणाराच होतो.

पण घरातला अनुभव सांगतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, मानसिक आजार पण आहे. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मिळतं. मी भावाला म्हटलं अर्ज करू, बोर्डासमोर जाऊ, टक्केवारी काढून घेऊ. त्याने स्पष्ट नकार दिला. त्याचं लग्न व्हायचंय, नोकरी खासगी, आणि कार्डावर कायमचं छापून येणार मेंटल इलनेस. मी दोन वर्षं मागे लागलो, शेवटी तो म्हणाला, दादा, मला त्या कार्डापेक्षा घरात बसलेलं परवडेल. कराडच्या ताई, तुमचं कार्ड आलं तर अशी किती माणसं घरात बसतील हे बघा.

कराडची_लेक
मुठेकाठचा, हे मला लागलं. खरं सांगते, हा विचार मी केला नव्हता, कारण माझा अपघात सगळ्यांना माहीत आहे, मला लपवायचं काही उरलंच नाही.

पण मग नुसतं विश्वासावर सोडायचं हे मला अजून पटत नाही, कोयनाचा कान रोज डोळ्यासमोर आहे. मी माझं म्हणणं बदलते. माणसाची परीक्षा नको, कुत्र्याची घ्या. कार्डावर माझं नाव नको, आजार नको, फक्त कुत्र्याचा फोटो, मायक्रोचिपचा नंबर आणि ते गर्दीत नीट वागतं एवढं. विमानात असं काहीतरी आहेच. जानेवारी २०२१ पासून एअरलाइन्सना इमोशनल सपोर्टवाली कुत्री घ्यायची सक्ती राहिली नाही, सर्व्हिस डॉगसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारचा ठरावीक फॉर्म, त्यात वागणूक, ट्रेनिंग, लसी आपण लिहून द्यायच्या, खोटं लिहिलं तर गुन्हा. आजाराचं नाव कुठेही नाही. मी त्या फॉर्मवर दोनदा गेले, एकदाही अपमान वाटला नाही.

मीठभाकर
विमानाला माणूस वर्षातून दोनदा जातो, दुधाला रोज. रोज दारात कार्ड काढायचं म्हणजे रोज दारात अडवून घ्यायचं. आणि परीक्षा दिलेलं कुत्रं पण एखाद्या दिवशी बिथरतं, तेव्हा दुकानदार काय करणार, कार्ड बघून गप्प बसणार? त्या दिवशीचं वागणं बघा एवढंच मी म्हणते. फॉर्म फुकट, घरबसल्या आणि ऐच्छिक असेल तर मी विरोध करणार नाही. सक्तीला करीन.

श्वास
कुत्र्याचीच परीक्षा असेल आणि ती खरंच ऐच्छिक नसेल, तर मला चालेल. ऐच्छिक असेल तर माझ्या मुलाच्या दृष्टीने काहीच बदललं नाही.

हॉटेलवाला_डॅलस
कार्ड येईल तेव्हा येईल. मीठभाकर ताईंनी सांगितलेलं आवरेना झालेल्या कुत्र्याचं मला नऊ वर्षं धंदा करून माहीत नव्हतं. काल रात्री काउंटरच्या आतल्या बाजूला पोरांसाठी मराठीत कागद लावलाय, चूक असेल तर सांगा. १) हे सर्व्हिस डॉग आहे का, अपंगत्वामुळे लागतं का? २) तुम्हाला कोणत्या त्रासासाठी लागतं? ३) भुंकत, अंगावर जात असेल आणि मालक आवरत नसेल तर कुत्र्याला बाहेर न्यायला सांगा, माणसाला बसू द्या. ४) कुत्र्याला हात लावू नका, खायला घालू नका.

कराडची_लेक
दादा, दुसरा प्रश्न आजच्या आज काढा. त्रास कोणता हे विचारता येत नाही, तेवढ्यावरच माणूस न जेवता जातो. "कुत्र्याला कोणतं काम शिकवलंय" एवढंच लिहा. बाकी तिन्ही बरोबर आहेत.