खेळाडूंना ईसीजीची सक्ती हवी की नको?

रानवारा:
२०२१ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत डेन्मार्कचा एरिक्सन हृदय बंद पडून मैदानावर कोसळला, तो प्रसंग अजून डोळ्यांसमोरून जात नाही. स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाचा ईसीजी सक्तीचा करा, असं माझं मत. इटलीने १९८२ मध्येच केला. व्हेनेतो भागात खेळाडूंच्या अकस्मात हृदयमृत्यूचं प्रमाण वर्षाला लाखात ३.६ होतं, ते २००४ पर्यंत ०.४ वर आलं. तरुणांत कारणं बहुधा जन्मजात: हृदयाचा जाड झालेला स्नायू, लाँग क्यूटीसारखे हृदयाच्या ठोक्यांचे विद्युतदोष. यातलं बरंच ईसीजीत दिसतं.

दुपारचा_चहा:
एरिक्सन तेव्हा इटलीतल्याच क्लबचा खेळाडू होता हो! म्हणजे तुमच्या त्या सक्तीच्या चाळणीतून गेलेला. वाचला तो छाती दाबल्यामुळे आणि विजेच्या शॉकमुळे.
आता इस्रायल बघा. १९९७ मध्ये तिथेही सक्ती आली. आधीच्या दशकात लाखात २.५४, नंतरच्या दशकात २.६६. गंमत म्हणजे सक्तीच्या लगेच आधीची दोनच वर्षं वाईट गेली होती. तेवढीच धरली असती, तर तिथेही भरघोस घट 'दिसली' असती. इटलीचा 'आधी'चा काळही जेमतेम तीन वर्षांचा आहे.

रानवारा:
इस्रायलचे मृत्यू वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून मोजलेत. ती कसली मोजणी?

निवांत_पाटी:
मोजणीचा घोळ दोन्हीकडे आहे. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ११,१६८ किशोरांची ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) दोन्ही काढून तपासणी केली. ४२ जणांत जिवावर बेतू शकेल असा दोष सापडला. पुढे हृदयविकाराने आठ जण गेले, त्यातल्या सहा जणांची तपासणी निर्दोष होती. काही आजार वय वाढल्यावरच उमटतात, एकदाच पाहून काय होणार?
आणि खेळाडू हा या प्रश्नाचा छोटा कोपरा आहे. असे बहुतेक मृत्यू मध्यमवयीन आणि वयस्कांचे, हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने होणारे. अनेकांत आधी लक्षणच नसतं, मृत्यू हेच पहिलं लक्षण.

दुपारचा_चहा:
म्हणूनच म्हणतो, पैसा एईडीवर, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्रावर घाला. शॉकला मिनिटभर उशीर झाला की जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. ते यंत्र प्रेक्षकालाही वाचवतं, पंचालाही.

रानवारा:
त्या ४२ जणांच्या आईबापांना हे सांगून बघा.

दुपारचा_चहा:
सांगतो. आणि यातल्या किती जणांना पुढे काहीच झालं नसतं, तेही त्यांना सांगावं लागेल. ते कोण सांगणार, तुम्ही?