सॉलिड ॲक्सल की आयएफएस? दापोलीकडच्या जांभ्याच्या वाटेसाठी गाडी घ्यायचीय

वाकडी_वाट:
नमस्कार मंडळी, राहतो पुण्यात, गाव दापोली तालुक्यात. गावापर्यंत डांबरी आहे, अडचण त्याच्यापुढची. गावातून वर आमच्या कलमांपर्यंत दीडेक किलोमीटर जुनी बैलगाडीची वाट आहे, सगळा जांभा, मधे एक पऱ्या आडवा येतो आणि दरवर्षी पावसाने चाकोऱ्या इतक्या खोल होतात की एक चाक खाली गेलं की त्याच्या शेजारचं चिऱ्यावर चढलेलं असतं. आत्तापर्यंत चुलतभावाच्या पिकअपने अर्ध्यापर्यंत जायचो आणि पुढे खताच्या गोण्या डोक्यावर. आता एक फोर बाय फोर घ्यायचं नक्की केलंय. जिम्नी की तीन दरवाजांची थार, इथे गाडी अडलीय.

मित्र म्हणतो पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा) नसेल आणि आयएफएस (दोन्ही चाकं सुटी-सुटी) असेल तर ती खरी फोर बाय फोरच नाही. दुसरा म्हणतो ते सगळं जुन्या काळचं, आता इलेक्ट्रॉनिक्स सांभाळून घेतं. शोरूममधल्या पोराला विचारलं तर तो टचस्क्रीन दाखवायला लागला. महिन्यातून दोनदा पुणे-ताम्हिणी-माणगाव-आंबेत-मंडणगड असा प्रवास असतो, बरेचदा आईबाबा सोबत. कोणी दोन्ही चालवल्यात का? यूट्यूबवाल्यांचं नको, स्वतःचं सांगा.

जुना_जिप्सीवाला:
दोन्ही चालवल्यात, आणि त्याआधी बारा वर्षं जिप्सी चालवलीय, म्हणजे पुढेमागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग), सॉलिड ॲक्सल, आणि ताम्हिणी उतरल्यावर कंबर आहे की गेली हे हाताने चाचपून बघायचं.

आधी एक गैरसमज काढू. थार असो, जिम्नी असो, गुर्खा असो, मागचा ॲक्सल सगळ्यांचा सॉलिडच आहे. वाद फक्त पुढच्याचा. जिम्नीला पुढेही सॉलिड आहे, थ्री लिंक आणि कॉइल स्प्रिंग. २०२० च्या थारला पुढे डबल विशबोन, म्हणजे दोन्ही चाकं आपापली वर-खाली होतात.

सॉलिड ॲक्सल म्हणजे कावड समजा. एक टोक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. तुमच्या चाकोरीत डावं चाक चिऱ्यावर चढलं की तोच दांडा उजव्या चाकाला खड्ड्यात रेटतो, त्यामुळे त्याच्यावर वजन राहतं आणि ते पकडतं. आयएफएसमध्ये डावं चढलं तर उजव्याला त्याचं काही पडलेलं नसतं, ते आपल्या स्प्रिंगच्या जोरावर जितकं खाली येईल तितकंच येणार, आणि तो ट्रॅव्हल, म्हणजे चाकाची वर-खाली व्हायची मर्यादा, कमी असतो म्हणून लवकर हवेत लटकतं. ओपन डिफमध्ये (डिफ म्हणजे डिफरेन्शियल, डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअरचा गोळा; ओपन म्हणजे लॉक नसलेला) दोन्ही चाकांना टॉर्क सारखाच जातो, हवेतल्या चाकाला फिरायला जेवढा लागतो तेवढाच जमिनीवरच्याला मिळतो, म्हणजे जवळपास शून्य. पुढे असं एक आणि मागे तिरक्या बाजूचं एक, अशी दोन चाकं लटकली की गाडी जागेवर गरगर करत उभी.

दुसरी गोष्ट लोक उलटी सांगतात, ग्राउंड क्लिअरन्स. कागदावर थार २२६ मिमी, जिम्नी २१०, मग थार जिंकली? सॉलिडमध्ये डिफचा गोळा ॲक्सलवरच असतो, चाकासोबत वर जातो आणि चाकासोबत खाली येतो, म्हणून गोळ्याखालची उंची गाडी लोड असो की रिकामी, तेवढीच. आयएफएसमध्ये गोळा चासीला लटकवलेला असतो, उभ्या गाडीत छान वर दिसतो, पण पुढचं नाक दबलं की तो नाकासोबत खाली येतो. तुम्ही ब्रेक मारत चाकोरीत उतरलात की नेमकं तेव्हाच नाक दबलेलं असतं. खालच्या पत्र्याचा जो कर्रर्र आवाज येतो ना तो तिथला. उलट सॉलिडचा गोळा कायम खालीच लोंबत असतो आणि लिफ्ट किट टाकून तो एक सूतसुद्धा वर जात नाही, टायर मोठा केला तरच जातो. जिम्नीचा गोळा मधोमध नाही, एका बाजूला आहे. कुठल्या बाजूला ते खाली वाकून एकदा बघून ठेवायचं आणि मोठा चिरा दुसऱ्या बाजूने काढायचा. सवय होते.

आता डांबरीचं. एका चाकाला खड्डा लागला की सॉलिडमध्ये अख्खा दांडा हलतो, स्टिअरिंगला कळतं, गाडी जरा आडवी सरकते. थार आंबेत-मंडणगडच्या वळणांत जास्त सरळ आणि शांत चालते, आणि महामार्गाला डिझेलचा दम वेगळाच. जिम्नी आहे १०५ पीएस आणि १३४ न्यूटनमीटर, चार माणसं घेऊन घाट चढताना गिअर पाडत बसावं लागतं. जिप्सीच्या मानाने मात्र पलंग आहे.

गल्लीतला_गॅरेजवाला:
कोल्हापूर भागातनं. वरच्या भाऊंनी चालवायचं सांगितलं, मी खाली झोपून जे बघतो ते सांगतो. सॉलिडमधी बिघडायला कमी असतंय, कॅम्बर (चाकाचा उभा कल) ॲडजस्ट करायची भानगडच न्हाई, टो (चाकं पुढनं आत-बाहेर किती वळलीत ते) बघायचा आणि सोडायचं. पण जिम्नी-जिप्सीसारख्या बंद नकलच्या (चाक वळवणारा सांधा बंद गोळ्यात असतोय अशा) गाड्यांत नकलचं सील गेलं की ग्रीस चाकाच्या आतल्या अंगाला येतंय, लोक ते पुसून टाकतात आणि परत जोरात, मग किंगपिनचं (चाक ज्याच्यावर वळतंय त्या खुंटीचं) बेअरिंग वाजाय लागतंय. चिखलातनं आल्यावर प्रेशरनं धुताना सीलवर थेट मारू नका, एवढं केलं तरी लई.

आयएफएसमधी बॉल जॉइंट, वरचा आर्म, खालचा आर्म, बुश, दोन्हीकडं सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा), त्याचे रबरी बूट. बूट फाटला की माती आत, माती आत की जॉइंट गेला, टर्न मारताना कटकट आवाज आला की समजायचं. आणि हे लई महत्त्वाचं, आयएफएसच्या गाडीला स्वस्तातला स्पेसर घालून दोन इंच उचललं की सीव्हीचा कोन वाढतोय, मग बूट घासतंय आणि फाटतंय. माझ्याकडं एक गिऱ्हाईक वर्षात तिसऱ्यांदा आलं त्याच कारणानं. सॉलिडला लिफ्ट घातली तरी फुकट न्हाई म्हणा, पॅनहार्ड रॉडमुळं (ॲक्सलला आडवं धरणारा दांडा) ॲक्सल एका बाजूला सरकतोय, कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा कोन) बिघडतोय, साठ-सत्तरला स्टिअरिंग अशी थरथरती की हातातनं सुटंल. दोन्हीकडं जी गाडी कंपनीनं दिली तशीच ठेवणारा सुखी.

आणि एक विचारतो, राग मानू नका. दीड किलोमीटर वाट हाय, चाकोरीत चार ट्रॉल्या चिऱ्याचा खडा टाकून बघितला का?

फक्त_डिझेल:
गुर्खा घ्या विषय संपला

जुना_जिप्सीवाला:
@फक्त_डिझेल गंमत म्हणजे गुर्खानेच २०२१ ला पुढचा सॉलिड काढून आयएफएस बसवली 😄 पण पुढेमागे दोन्हीकडे लॉकर ठेवले, आणि तिथेच खरी मेख आहे. लॉकर लावला की एक चाक हवेत असलं तरी दुसऱ्याला ताकद जाते, मग कावड असो नसो, गाडी निघते. म्हणून "आयएफएस म्हणजे ऑफरोडला फेल" हे वाक्य अर्धंच आहे, पूर्ण प्रश्न असा की चाक लटकल्यावर गाडीकडे काय उपाय आहे. थारला ब्रेक लावून लटकलेलं चाक अडवणारी सिस्टीम आहे, वरच्या व्हेरिएंटला मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफ. जिम्नीलाही ब्रेकवालं आहे. ही ब्रेकवाली सिस्टीम चालते पण चाक थोडं फिरल्यावरच जागी होते, तेव्हा घाबरून पाय उचलायचा नाही, हलका दाबून ठेवायचा. नवीन लोक नेमकं उलटं करतात.

जुन्या थारमध्येही दोन्ही प्रकार होते बरं का, डीआयला पुढे पाटे आणि सॉलिड, सीआरडीईला टॉर्शन बारवाली आयएफएस. आमच्या ग्रुपमध्ये तेव्हापासून हाच वाद चाललाय, माणसं म्हातारी झाली.

पर्थचा_पाहुणा:
ऑस्ट्रेलियातून. इथे हा वाद धर्मयुद्धासारखा आहे. टोयोटा लँड क्रूझरची १०० सिरीज १९९८ ला आयएफएस घेऊन आली तेव्हा इथे तिच्यासोबत सॉलिड ॲक्सलवाली १०५ वेगळी विकली गेली. ७० सिरीज अजून पुढे सॉलिडच आहे, १९९९ ला फक्त पाट्यांच्या जागी कॉइल आले. शेतकरी आणि खाणवाले तीच घेतात.

पण मी चालवतो आयएफएसवाली, आणि कारण सांगतो. इथे मातीचे रस्ते सिमेंटच्या पत्र्यासारखे असतात, बारीक बारीक लाटा, शेकडो किलोमीटर. त्याच्यावर सॉलिडमध्ये दात वाजतात, आयएफएस तरंगत जाते. दगडातून चढणं वर्षातून चार वेळा, पत्र्यावर पळणं रोजचं. मर्सिडीजच्या जी-वॅगननेसुद्धा २०१८ ला पुढचा सॉलिड सोडला, जीप रँग्लरने धरून ठेवलाय. दोघंही आपापल्या गिऱ्हाइकाला ओळखून आहेत. तेव्हा वाकडी_वाट साहेब, हिशोब किलोमीटरचा नाही, अडकलात तर काय होईल याचा करा. माझ्याकडे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) आहे आणि सोबत दुसरी गाडी असते. तुमच्या वाटेवर पावसात एकटे असाल तर?

वाकडी_वाट:
सगळ्यांचे आभार. गॅरेजवाले दादा, राग कसला, खडा दोनदा टाकला, दोन्ही वेळा पावसात पऱ्यात गेला.

या शनिवारी एक योग आला. गावातल्या एकांकडे जिम्नी आहे आणि माझा मेहुणा त्याची थार घेऊन आला होता, दोन्ही एकामागोमाग वर नेल्या. टायरची हवा दोन्हीची २० पीएसआय केली, लो रेंज (फोर बाय फोरचा हळू पण जास्त ताकदीचा गिअर), पहिला गिअर. जिम्नी त्या वाईट चाकोरीतून अक्षरशः चालत गेली, खेकड्यासारखी, बाहेरून बघताना पुढची चाकं इतकी तिरकी दिसत होती की आई म्हणाली मोडली वाटतं. थारचं पुढचं उजवं चाक त्याच जागी उचललं, दोन सेकंद गरगरलं, मग टकटक आवाज आला आणि गाडी निघाली. वरच्या उंचवट्यावर खाली एकदा घासली, मेहुण्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पण गेली हे खरं. पऱ्यातून दोन्ही आरामात, पाणी सध्या घोट्याएवढंच.

येताना मात्र बाबा थारमध्ये बसले आणि झोपले. जिम्नीत जाताना त्यांनी दोनदा कंबर धरली होती. आता सांगा काय करू 😅

जुना_जिप्सीवाला:
थार तुमच्या चाकोरीत पार होते हे डोळ्यांनी बघितलंत, मग झोपलेल्या माणसाला उठवू नका. व्हेरिएंट तेवढा मागे लॉकिंग डिफ असलेलाच घ्या, पैसे वाचवायला तो सोडू नका. आणि ते घासलं ते खालच्या प्लेटला घासलं ना? प्लेट त्यासाठीच असते. नाक दबू नये म्हणून उंचवट्याच्या आधी ब्रेक सोडून द्या, लो रेंजचं इंजिन ब्रेकिंग धरून ठेवतं.

गल्लीतला_गॅरेजवाला:
मी असतो तर जिम्नी. हलकी हाय, बाराशे किलोच्या आसपास, अडकली तर चार माणसं आणि एक दोर पुरतोय, थार सतराशेच्या पुढं, तिला ट्रॅक्टर लागतोय. पण माझा बाप मोटारसायकलवर झोपतोय, त्यामुळं माझं ऐकू नका.

वाकडी_वाट:
थार डिझेल बुक केली, लॉकिंग डिफवाली. शेवटचा प्रश्न, टायर लगेच बदलू का? मेहुणा म्हणतो मड टेरेन (चिखलासाठीचे खोल खाचांचे टायर) टाक.

जुना_जिप्सीवाला:
नको. पहिला पावसाळा कंपनीच्या टायरवर काढा, हवा कमी करायला गेज आणि परत भरायला छोटा कॉम्प्रेसर घ्या. मड टेरेन डांबरीवर गुणगुणतात, बाबा जागे होतील. एक चांगला दोर आणि दोन डी-शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या) गाडीत टाका, आणि गावात ट्रॅक्टर कोणाकडे आहे त्याचा नंबर फोनमध्ये.