प्रतिसाद: एमआरआय झाला, मग अँजिओग्राफी कशाला?
दादा, वडिलांच्या एमआरआयमध्ये फिस्टुलाची (मज्जारज्जूजवळ धमनी थेट शिरेला जोडली गेल्याची) शंका लिहिली आहे, तरी पुन्हा अँजिओग्राफी कशाला, असं तुम्ही विचारलंय. एमआरआयवर मज्जारज्जूची सूज आणि मागच्या फुगलेल्या शिरा दिसतात. धमनी शिरेला नेमकी कुठे जोडली गेली आहे ते डीएसएमध्येच, म्हणजे रक्तवाहिन्यांत डाय सोडून एक्स-रेवर बघायच्या या अँजिओग्राफीतच, पक्कं कळतं. जांघेतून नळी घालून मणक्याजवळची एकेक धमनी तपासतात, म्हणून वेळ लागतो. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी बघून घ्या, डाय बराच जातो.

हा आजार बहुधा पन्नाशीपुढच्या पुरुषांत दिसतो. शिरांमधला दाब वाढून मज्जारज्जू तुंबतो. पाय जड होतात, पुढे लघवी अडते. आपल्याकडे यंत्रमागावर उभं राहणाऱ्याचे पाय दुखले की सगळे मणक्यातल्या गादीवरच खापर फोडतात! स्टिरॉइडने काहींचा अशक्तपणा उलट वाढतो, तेव्हा ते न्यूरोसर्जनला विचारूनच.

उपचार दोन: नळीतून ग्लू भरून तो जोड बंद करणं किंवा ऑपरेशन करून ती शीर तोडणं. मज्जारज्जूला रक्त देणारी धमनी त्याच फाट्यातून निघत असेल तर ग्लू धोक्याचा, मग ऑपरेशनच बरं. ग्लूनंतर फिस्टुला परत उघडण्याचं प्रमाणही जास्त. चालणं बऱ्याच जणांचं सुधारतं, लघवीचं तेवढं नाही. सोलापुरात डीएसएची तारीख लांबत असेल तर सरळ पुणे गाठा.