मदत हवी आहे: अभ्यासक्रम बदलासाठी नेमलेल्या बाहेरच्या सल्लागारांकडून नीट काम कसं करून घ्यावं?

माणदेशी_नकाशा
नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित कॉलेजात भूगोल शिकवतो. आयक्यूएसीचं (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं) समन्वयकपदही सध्या माझ्याच गळ्यात आहे. कॉलेजला स्वायत्तता मिळाली आहे. येत्या जूनपासून मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय), ओई (आपल्या शाखेबाहेरचा खुला ऐच्छिक विषय), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्याचा विषय), ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) सगळं आपणच ठरवायचं. त्यासाठी संस्थेने पुण्याहून सल्लागार आणलेत.

माणसं वाईट नाहीत. परीक्षा विभागाची घडी त्यांनी छान बसवून दिली. पेपर काढण्यापासून एबीसीवर (विद्यार्थ्यांच्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यावर) क्रेडिट चढवण्यापर्यंत कुणी काय कधी करायचं, सगळं स्पष्ट. घोडं अडलंय अभ्यासक्रमात. प्रत्येक विभागाला सीओ-पीओ मॅपिंगचा एक्सेल साचा आला, म्हणजे विषयातून जे साधायचं त्याचा पूर्ण पदवीच्या उद्दिष्टांशी किती संबंध ते 1 ते 3 आकड्यांत भरायचं, 3 म्हणजे सर्वात जास्त. शिक्षकांनी सगळ्या रकान्यांत 3 भरून परत पाठवला. इतिहासाला 3, प्राणिशास्त्राला 3, पर्यावरणाची जाणीव 3, संवादकौशल्य 3. मग सल्लागारांनीच तो "सुधारला". आता आमच्या प्रात्यक्षिकाच्या पेपरात "विद्यार्थी किनारी भूरूपांचे क्षेत्रीय मापन करेल" असं वाक्य आहे. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, आम्ही दुष्काळी पट्ट्यात! आमची पोरं दर उन्हाळ्यात गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजतात, टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी पोचलेल्या आणि न पोचलेल्या शिवारात काय फरक पडला ते नकाशावर मांडतात. त्याला साच्यात जागाच नाही.

ओईची यादीही अशीच लांबलचक: फिनटेक, डिजिटल मार्केटिंग वगैरे. वाणिज्यला पूर्णवेळ माणसं दोन, बाकी सीएचबी (तासांवर पैसे मिळणारे). सहायक प्राध्यापकाचे आठवड्याचे 16 तास आधीच भरलेत. शिकवणार कोण विचारलं, तर "सर, ते इम्प्लिमेंटेशनच्या वेळी बघू."

बैठका सचिवांच्या केबिनमध्ये होतात, आम्हाला फक्त निरोप येतो. आता विद्यार्थ्यांची मोबाईल नंबर, जात, पालकांचं उत्पन्न यासकट यादी मागितली आहे.

काम सुरू झालंय, पण करारावर सही व्हायची आहे. त्यात काय घालून घ्यावं? शिक्षकांना यात कसं ओढावं? "हाकलून द्या" सोडून काहीही सांगा, ते माझ्या हातात नाही :)

चाळीसगावकर
आमच्याकडे आलेल्या अभ्यासक्रमाच्या तळटीपेत दुसऱ्याच कॉलेजचं नाव होतं. छापून झाल्यावर कळलं. बाकी चालू द्या, वाचतोय.

निवृत्त_पण_व्यस्त
सर, आधी एक गोष्ट पक्की करा. स्वायत्त कॉलेजात अभ्यासक्रम ठरवतं अभ्यासमंडळ. त्यात विभागप्रमुख, विभागातले शिक्षक, विद्यापीठाबाहेरचे दोन विषयतज्ज्ञ, कुलगुरूंनी नेमलेला एक तज्ज्ञ, उद्योगातला एक माणूस आणि एक माजी विद्यार्थी असतो. सल्लागाराला तिथे जागा नाही. निमंत्रित म्हणून बोलवा, चहा द्या, म्हणणं ऐका, पण मसुदा विभागाच्या हातातून आला पाहिजे. करारात एकच वाक्य घाला: "कोणताही अभ्यासक्रम अभ्यासमंडळात मांडण्यापूर्वी संबंधित विभागाने लेखी मान्य केलेला असेल." एवढ्याने ते किनारी भूरूप आपोआप पळेल.

आणि ती उद्योगाची खुर्ची वाया घालवू नका. बऱ्याच ठिकाणी अध्यक्षांच्या ओळखीतला कुणीतरी बसवतात. तुमच्याकडे बेदाणा शेड आहेत, कोल्ड स्टोरेज आहेत. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. शेडचा मालक बोलवा वाणिज्यच्या मंडळावर. प्रतवारी, साठवण, सौदे, त्यातलं कर्ज हे सगळं त्याला येतं. ओजेटीची सोयही तिथेच होईल. फिनटेकपेक्षा ते तुमच्या दोन माणसांना झेपेल.

टेबलापलीकडची
मी अशाच एका सल्लागार कंपनीत काम करते, त्यामुळे दुसरी बाजू. साचा आम्ही आळसाने पाठवत नाही (बरं, कधीकधी पाठवतो). बहुतेक कॉलेजांत आम्हाला शिक्षक भेटतच नाहीत. प्राचार्य म्हणतात, सगळे बिझी आहेत, तुम्हीच करा. बिल अहवालावर निघतं, म्हणून अहवाल तयार होतो. तुम्ही तीन-तीन भरून पाठवलं, याचा अर्थ आमच्या लेखी एकच: इथे कुणाला रस नाही.

पैशाचा हप्ता कशावर निघणार ते बदला, आमचं वागणं बदलेल. "पंधरा विभागांचे अहवाल" असं न लिहिता "प्रत्येक विभागासोबत दोन बैठका, त्यातून विभागाने मंजूर केलेला मसुदा" असं लिहा. कॉलेजात कोण येणार त्या व्यक्तींची नावं करारात हवीत, नाहीतर पहिल्या बैठकीला अनुभवी मॅडम येतात आणि नंतर नुकतीच लागलेली मुलगी येते. ती मुलगी मीच होते, म्हणून माहीत आहे. सगळ्या फाइल्स बदलता येतील अशा स्वरूपात मागा, नुसती पीडीएफ नको. आणि सगळे विभाग एकदम सुरू करू देऊ नका. आधी दोन विभाग, एक हौशी आणि एक कुरकुऱ्या. कुरकुऱ्या विभागाचा मसुदा नीट झाला की बाकीचे स्वतःहून येतात.

तीनचा प्रश्नही बैठकीतच सुटेल. "हा 3 कोणत्या प्रश्नातून, कोणत्या प्रात्यक्षिकातून मोजणार?" एवढंच विचारायचं. निम्मे आकडे तिथेच खाली येतात.

कोकणस्थ_नसलेला
विद्यार्थ्यांच्या यादीबद्दल: देऊ नका. अभ्यासक्रम आखायला मोबाईल नंबर कशाला लागतो? 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा बघा. माहिती गोळा तुम्ही केलीत, तर जबाबदारी तुमचीच, सल्लागाराची चूक झाली तरी. नावं काढून विभागवार, वर्षवार, प्रवर्गवार बेरजा द्या. त्यांचं काम त्यात भागतं.

माणदेशी_नकाशा
सगळ्यांचे आभार. टेबलापलीकडची मॅडम, कुरकुऱ्या विभाग कोणता घ्यायचा यात आमच्याकडे स्पर्धा होईल. पण सचिवांचं काय? त्यांना वाटतं, पैसे मोजलेत तर कामही त्यांनीच करावं, शिक्षकांनी वर्ग घ्यावेत. मी एकट्याने जाऊन बोललो तर "सर, तुम्हाला बदल नकोय" असं ऐकून परत येईन.

निवृत्त_पण_व्यस्त
एकटे जाऊच नका. 2016 च्या विद्यापीठ कायद्यातली महाविद्यालय विकास समिती आहे ना? तुम्ही समन्वयक म्हणून तिचे सदस्य आहात, शिक्षकांतून निवडून आलेले तिघे आहेत, सचिवही आहेत. वर्षाला किमान चार बैठका घ्याव्याच लागतात. कराराचा मसुदा विषयपत्रिकेवर घ्या. तिथे तक्रारीच्या सुरात बोलू नका, वर्कलोडचा तक्ता ठेवा. विभाग, मंजूर पदं, भरलेली पदं, सध्याचे तास, नव्या ओईने वाढणारे तास आणि त्यासाठी लागणारा सीएचबीचा खर्च. अनुदानित कॉलेजात जादा तासांचा खर्च संस्थेच्या खिशातून जाण्याची शक्यता दिसली की सचिव स्वतःच सल्लागारांना विचारतील, शिकवणार कोण म्हणून.

माणदेशी_नकाशा
हे जमेल. तक्ता आजच करायला घेतो. पहिल्या दोन विभागांत भूगोल घालतोय, हौशी की कुरकुऱ्या ते तुम्ही ठरवा. अजून एक: विहिरींचं काम फील्ड प्रोजेक्टमध्ये बसवू की सीईपीमध्ये (लोकांमध्ये जाऊन करायच्या समाजसहभागाच्या कामात)? दोन्ही दोन-दोन क्रेडिटचे.

टेबलापलीकडची
फील्ड प्रोजेक्ट. दोन क्रेडिट म्हणजे साठ तास, मोजणी आणि नकाशे धरून सहज भरतील. तेच आकडे पुढच्या सत्रात सीईपीत ग्रामसभेपुढे मांडायला लावा, म्हणजे दोन्हींचं काम वेगळं दाखवता येईल. आणि तुमच्या सल्लागारांपैकी एकाला या उन्हाळ्यात विहिरीवर घेऊन जा. करारात कॉलेजभेटीचे दिवस लिहिताय ना, त्यातलाच एक.