हाइजमन ट्रॉफीचं श्रेय कोणत्या कॉलेजला द्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कोलंबसच्या (ओहायो) आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कॉलेज फुटबॉलवर लेख लिहितोय, म्हणजे अमेरिकन फुटबॉलवर. शनिवारी ओहायो स्टेट या इथल्या कॉलेजची मॅच असली की इथे रस्ते ओस पडतात. नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना हे वेड समजावं, एवढाच हेतू. विषय हाइजमन ट्रॉफीचा. कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला १९३५ पासून दरवर्षी मिळणारा हा सर्वांत मानाचा पुरस्कार. तो मिळवण्यात कोणती कॉलेजं पुढे, ते सांगायचंय.

नुसते आकडे मिळाले आहेत. यूएससी (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) ८, आणि नोटर डेम, ओक्लाहोमा, ओहायो स्टेट प्रत्येकी ७. यूएससीच्या रेजी बुशची २००५ची ट्रॉफी २०१० मध्ये गेली आणि २०२४ मध्ये त्याला परत मिळाली, म्हणून मधल्या काळातल्या याद्यांत त्यांची एक कमी दिसते. आमच्या ७ ट्रॉफ्या ६ खेळाडूंच्या, कारण आर्ची ग्रिफिनने १९७४ आणि १९७५ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. दोनदा जिंकणारा तो आजवर एकटाच.

घोडं अडलंय ते कॉलेज बदलणाऱ्यांपाशी. २०१७ ते २०२४ या ८ वर्षांतले ६ विजेते दुसऱ्या कॉलेजातून आलेले आहेत: मेफील्ड, मरी, बरो, केलेब विल्यम्स, डॅनियल्स, हंटर. जो बरो तर ओहायोतच वाढला, ओहायो स्टेटचा पदवीधर, आणि २०१९ची ट्रॉफी एलएसयूच्या (लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या) नावावर. मेफील्ड, मरी आणि विल्यम्स या तिघांचा प्रशिक्षक एकच, लिंकन रायली. पहिले दोघे ओक्लाहोमात जिंकले. विल्यम्स मात्र रायलीच्या मागोमाग यूएससीला गेला आणि २०२२ मध्ये तिथे जिंकला. मग हे यश कॉलेजचं की प्रशिक्षकाचं?

संघ बलाढ्य म्हणून ट्रॉफी मिळते असंही नाही. प्रशिक्षक बेअर ब्रायंटने अलाबामाला सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, पण त्यांची पहिली हाइजमन आली २००९ मध्ये, मार्क इन्ग्रमची. उलट नोटर डेमचा पॉल हॉर्नंग १९५६ मध्ये जिंकला तेव्हा त्याचा संघ १० पैकी ८ सामने हरला होता.

माझं मत असं, की तक्त्यात दोन रकाने हवेत: खेळाडू जिंकला ते कॉलेज आणि शाळेतून थेट आला ते कॉलेज. नाहीतर खेळाडू घडवणाऱ्यांवर अन्याय होतो. पण नवख्या वाचकाचा यात गोंधळ उडेल का?

लुईझियाना, ओक्लाहोमा, कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना खास विचारतो: तुमच्याकडचे लोक बरोला, विल्यम्सला मनापासून 'आपला' म्हणतात का? आणि शाळेपासूनचा प्रवास दाखवणारी विजेत्यांची यादी कुणी पाहिली असेल तर कृपया कळवा. लेख पुढच्या आठवड्यात संपादकांकडे द्यायचा आहे.