कॅल्शियम रिअ‍ॅक्टरचा पीएच रात्रीतून घसरतो. दोष नेमका कुठे शोधावा?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे प्रवाळांची 400 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी असून आठ महिन्यांपासून तिला कॅल्शियम रिअ‍ॅक्टर (कार्बन डायऑक्साइड वायूने पाणी आम्लधर्मी करून त्यात चुनखडीचे दाणे विरघळवणारे आणि ते पाणी टाकीत सोडणारे यंत्र) जोडलेला आहे. रिअ‍ॅक्टरमधला पीएच 6.6 राहावा असे कंट्रोलरवर ठरवले आहे. परंतु गेले तीन आठवडे संध्याकाळी 6.6 दाखवणारा आकडा पहाटे 6.1 वर आलेला असतो. सोलेनॉइड (कंट्रोलरच्या इशाऱ्यावर वायू सोडणारी-थांबवणारी विजेची झडप) बंद झाल्यानंतरही पीएच खालीच जात राहतो, हे मला मुळीच उमगत नाही. टाकीची अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटांचे प्रमाण; डीकेएच हे तिचे एकक) पूर्वी 8 डीकेएचच्या आसपास असे. ती आधी 7 पर्यंत उतरली, म्हणून मी रिअ‍ॅक्टरचे पाणी थेंबाथेंबाने बाहेर सोडणारा नळ सैल केला आणि वायूचे बुडबुडे वाढवले, तर पुढच्या आठवड्यात ती 9.5 झाली. कॅल्शियम 420 आणि मॅग्नेशियम 1300 पीपीएम आहे. एका प्रवाळाच्या फांद्यांची टोके पांढरी पडू लागली आहेत, त्यामुळे मी खरोखरच काळजीत आहे. प्रोब (पीएच मोजणारी कांडी) बदलावा, की रेग्युलेटर (सिलिंडरमधल्या वायूचा दाब कमी करणारे उपकरण)?

उत्तर 1 (निपाणी)

तूर्त काहीच विकत घेऊ नका. रिअ‍ॅक्टरचा पीएच दोन प्रवाहांवर ठरतो: आत येणारा वायू आणि आतून जाणारे पाणी. कंट्रोलरच्या हाती फक्त वायू असतो; पाण्याचा प्रवाह मंदावला तर तेवढाच वायू कमी पाण्यात मिसळतो आणि पीएच कोसळतो. सोलेनॉइड बंद असूनही घसरण चालू राहते, याचा अर्थ रिअ‍ॅक्टरच्या नळकांड्याच्या वरच्या भागात न विरघळलेला वायू साठलेला असावा आणि तोच हळूहळू पाण्यात उतरत असावा.

म्हणून आज रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे उठल्याबरोबर, कशालाही हात न लावता, बाहेर पडणारे पाणी घड्याळ लावून एक मिनिट मोजपात्रात धरा. माझा अंदाज असा आहे की पहाटेचा आकडा निम्म्याहूनही कमी निघेल. जवळजवळ बंद ठेवलेल्या बारीक नळात चुन्याची भुकटी आणि बुळबुळीत थर अडकतो, हे या यंत्राचे जुनेच दुखणे आहे. नळ पूर्ण उघडा ठेवून पाणी पेरिस्टाल्टिक पंपाने (नळी दाबत पाणी ठरावीक वेगाने पुढे ढकलणाऱ्या पंपाने) ओढले की हा त्रास बहुतेक संपतो.

आणखी एक गोष्ट तपासा. वीज गेल्यावर कंट्रोलर आणि सोलेनॉइड इन्व्हर्टरवर चालू राहतात आणि आतले पाणी फिरवणारा पंप मात्र बंद पडतो, अशी जोडणी तर नाही ना? तसे असेल तर वायू आत येत राहतो आणि वर साठतो. ही तिन्ही उपकरणे एकाच जोडणीवर हवीत.

उत्तर 2 (उद्यमबाग, बेळगाव)

मी फौंड्रीत काम करतो. वाळू आणि सोडियम सिलिकेटचे कोअर (ओतकामाच्या साच्यातले गाभे) कडक करण्यासाठी आम्ही हाच वायू वापरतो, म्हणून सिलिंडरबद्दल थोडे सांगतो. सिलिंडरमध्ये द्रवरूप वायू शिल्लक असेपर्यंत दाबमापक जवळजवळ एकाच जागी राहतो; 20 अंश तापमानाला तो सुमारे 57 बार दाखवतो. त्यामुळे त्यावरून किती वायू उरला ते कळत नाही. त्यासाठी वजनच करावे लागते. द्रव संपला की काटा भराभर उतरतो, आणि साधा एकटप्पी रेग्युलेटर असेल तर नेमक्या त्याच वेळी बाहेरचा दाब वाढून बुडबुडे सुटू लागतात. काटा उतरू लागला असेल तर सिलिंडर लगेच बदला. तो उभाच ठेवा, भिंतीला साखळीने बांधा आणि खोलीत हवा खेळती राहू द्या.

प्रश्नकर्ता

निपाणीच्या काकांचा अंदाज खरा ठरला. रात्री मिनिटाला 20 मिली भरले आणि पहाटे फक्त 7. नळ खोलला तेव्हा आत ओल्या चुन्यासारखा पांढुरका चिखल होता. नळकांड्याच्या झाकणाखाली चांगली दोन बोटे जाडीची वायूची पोकळी होती आणि तळाच्या मीडियाचाही (विरघळण्यासाठी भरलेल्या चुनखडीच्या दाण्यांचाही) लगदा झाला आहे. सिलिंडरचा काटा स्थिर आहे. पण पंप खरोखरच इन्व्हर्टरवर नव्हता, तो आता जोडला. मीडिया बदलायचाच आहे तर शहाबादी फरशीचा चुरा चालेल का? घराचे काम झाले तेव्हाचे तुकडे पडून आहेत.

उत्तर 3 (खानापूर)

फरशी वापरू नये. शहाबादी दगड चुनखडीचा असला तरी तो कॅल्साइट आहे, शिवाय त्यात मातीचा अंशही असतो. अ‍ॅरागोनाइट हे कॅल्शियम कार्बोनेटचेच दुसरे रूप त्यापेक्षा सहज विरघळते, म्हणून टाकीसाठी तेच विकत घ्या, गोड्या पाण्यात धुवा आणि लगदा झालेला भाग पूर्ण काढून टाका. पीएच इतका खाली गेला की दाणे भुसभुशीत होऊन प्रवाह आणखी अडतो, त्यामुळे 6.5 च्या खाली जाऊ देऊ नका.

प्रोब 7 आणि 4 पीएचच्या प्रमाणित द्रावणांत तपासून घ्या. टाकीच्या प्रोबसाठी वापरतात ती 7 आणि 10 ची जोडी इथे उपयोगाची नाही. पंप बंद करताच आकडा एकदम उडी मारत असेल, तर पाण्यात वीज उतरते आहे असे समजावे.

यापुढे नुसत्या पीएचवर भिस्त ठेवू नका, बाहेर पडणाऱ्या पाण्याची अल्कलिनिटी मोजा. ती 25 आणि टाकीची 8 धरली, तर मिनिटाला 20 मिली, म्हणजे दिवसाला सुमारे 29 लिटर पाण्यातून, तुमच्या टाकीत दिवसाला अंदाजे 1.2 डीकेएचची भर पडते. ती प्रवाळांच्या रोजच्या खपाइतकी आहे का, एवढेच पाहायचे. आता 9.5 वरून खाली येताना घाई नको. वायू दोन दिवस बंद ठेवा, रोज मोजा आणि 8 जवळ आल्यावर मिनिटाला 15 मिलीपासून सुरुवात करा. नळ बदलल्यानंतरचे पहाटेचे आकडे आठवडाभर इथे लिहीत राहा.