कॅम्पसवरचे सण: आपले, त्यांचे आणि एकाच तारखेला येणारे

मोरावळा
हॉस्टेलच्या फळ्यावर आकाशकंदील आणि दात विचकणारा भोपळा एकाच कागदावर पाहिला आणि २०२४ आठवलं. त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि हॅलोविन, दोन्ही ३१ ऑक्टोबरला. सकाळी कारीट पायाने चिरडायचं, संध्याकाळी भोपळा कोरायचा. दोन्ही वेलाचीच फळं बिचारी.

मुंबईत एका मजल्यावर इराण, इथियोपिया, अमेरिका, नेपाळ आणि सातारा राहत असले की आपला सण की त्यांचा हा वाद जेवणाच्या टेबलापुरताच राहतो. खरी भांडणं धूर, तेल, जागा आणि परीक्षेवरून. ज्यांनी हे निभावलंय त्यांनी लिहा. भावना पुष्कळ झाल्या, मापं द्या.

पाव किलो
भोपळा. आपला बाजारातला लाल भोपळा चालतो, पण तो दळदार असतो. बुडाकडून कापा, देठाकडून नको, म्हणजे दिव्यावर नुसता पालथा ठेवता येतो. चेहऱ्याच्या बाजूचा गर खरवडून दोन-अडीच सेंटीमीटर जाडी ठेवा, नाहीतर सुरी आत अडकते आणि कोणाचं तरी बोट जातं. कडांना व्हॅसलीन, आतून व्हिनेगरचा हात. मेणबत्ती नको, एलईडी. आणि आदल्या दिवशी कोरू नका!! ऑक्टोबरच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी बुरशी.

गर टाकाल तर पाप लागेल. घारगे: १ वाटी कीस, पाऊण वाटी गूळ, शिजवून पूर्ण गार करा. मीठ, चमचाभर तुपाचं मोहन, दोन चमचे तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक. पाण्याचा थेंब नको. गरम असताना कणीक घातली की पीठ सैल पडतं, मग लोक कणीक वाढवत बसतात आणि घारगे वातड होतात.

सायन सर्कल
खसखस राहिली

पाव किलो
हो, वरून. गूळ जास्त झाला तर तेलात काळे पडतात हेही राहिलं.

वसईची वाट
नाताळ "त्यांचा" सण असं कोणी ठरवलं? वसई, गोराई, वांद्र्याचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक कित्येक पिढ्या मराठीत नाताळ करतायत. कुलकुल, म्हणजे नाताळचा तळलेला गोड पदार्थ, करायला बोलवा सगळ्यांना, भाषा लागत नाही. मैदा, नारळाचं घट्ट दूध, अंडं, थोडी साखर, चिमूट मीठ. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची. टोक नीट दाबलं नाही तर तेलात उलगडतं. आच मध्यम. मोठ्या आचेवर बाहेरून लाल, आत पीठ.

आणि २०२६ च्या वेळापत्रकात बघा, ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चची जत्रा सुरू होते, म्हणजे १३ ला. १४ ला गणपती. त्या आठवड्यात कुणाला वांद्र्याला बसने पाठवू नका.

मेसची चावी
+१. त्याच सुमारास ११ सप्टेंबरला इथियोपियाचं नवं वर्ष. पण त्यांच्याबाबत जास्त महत्त्वाचं म्हणजे उपास. तिथल्या ऑर्थोडॉक्स पंथाचा नाताळ ७ जानेवारीला, आणि त्याआधी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून उपास: मांस, अंडी, दूध, लोणी, तूप बंद. तुम्ही २५ डिसेंबरला कौतुकाने प्लम केक पुढे करता आणि ती मुलं हात जोडून बाजूला होतात, मग "मिसळत नाहीत" म्हणून आपणच नाक मुरडायचं. वर्षातले बहुतेक बुधवार-शुक्रवारही तसेच. साबुदाण्याची खिचडी तुपाऐवजी शेंगदाणा तेलात करा, दही वेगळं ठेवा. चतुर्थीवाले आणि ते, एका कढईत दोन्ही उपास निघतात.

थँक्सगिव्हिंग: अमेरिकेचं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, कॅनडाचं ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी. एकत्र करू नका, कॅनडावाले बोलत नाहीत पण लक्षात ठेवतात. टर्कीच्या मागे धावू नका, हॉस्टेलच्या छोट्या ओव्हनमध्ये (ओटीजीत) मावत नाही. दीड किलोची अख्खी कोंबडी, १९० अंशांवर साधारण सव्वा तास. मांडीच्या जाड भागात थर्मामीटर ७४ दाखवेपर्यंत बाहेर काढू नका. फ्रीजमधून थेट घातली की वरून करपते, हाडाशी कच्ची. हलाल आणि शाकाहाराचे चमचे-पळ्या आधीच वेगळ्या, रंगीत टेप लावून.

मोरावळा
रंगीत टेप 👌 घेतलं.

रात्रपाळी
धुराबद्दल. कापूर काजळी धरतो, धूप धूर सोडतो, दोन्हीने छताला लावलेलं धूर ओळखणारं यंत्र बोंबलतं. तुपाच्या निरांजनाने सहसा नाही. आरती कॉमन रूममध्ये खिडकीकडे तोंड करून, कापूर बाहेर अंगणात. यंत्राला प्लॅस्टिकची पिशवी बांधणारे महाभाग दर वर्षी निघतात. ते करू नका. सुरक्षा विभागाला आधी लेखी कळवा, तेवढ्या भागातली यंत्रं अर्धा तास बंद ठेवायची आणि अग्निशामक नळकांडं घेऊन माणूस उभा करायचा. परत चालू केल्याची सही घ्या. चालू करायचं विसरतात, खरा धोका तिथे आहे.

स्पीकर रात्री १० ला बंद, मग तो गरबा असो की ३१ डिसेंबर. सवलतीचे दिवस सरकार जाहीर करतं, तेव्हाही १२ पर्यंतच.

पंचांगे
परदेशी मुलांचा ठरलेला प्रश्न: तुमचा सण दर वर्षी पळतो कसा? सोपं उत्तर. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान. आपण अधिक महिना घालून ते भरून काढतो, हिजरी पंचांगात तो नाही म्हणून ईद सगळ्या ऋतूंतून फिरते. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला, २०२६ ला मध्ये अधिक ज्येष्ठ, म्हणून १४ सप्टेंबर. चिनी पंचांगातही अधिक महिना असतो, त्यामुळे तिकडच्या मुलांना लगेच कळतं. परीक्षा विभागाला मात्र कळत नाही.

मार्च २०२६ बघा: १९ ला पाडवा, २० च्या रात्री इराणी नौरोज (त्यांचं नवं वर्ष), लगेच ईद. नौरोजचा क्षण म्हणजे वसंतसंपात (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तो), आपल्या वेळेने रात्री ८:१६. तेव्हा टेबल मांडून बसलेलंच असावं लागतं, "नऊला सभागृह मिळेल" हे उत्तर चालत नाही.

बटाटावडी
नौरोजच्या टेबलावर ते हिरवं गवत असतं ना? गहू रुजवतात. नवरात्रात घट बसवणाऱ्यांना वेगळं शिकवायला नको. गहू रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात मोड, मग ताटात पसरून रोज नुसता पाण्याचा शिपका. ताटात पाणी साचलं की आंबूस वास आणि बुरशी. मार्चच्या मुंबईत आठवड्यात बोटभर वाढतं, इराणी मुलं तिकडच्या सवयीने दोन आठवडे आधी घालतात आणि ऐन दिवशी पिवळं पडतं.

गिरगाव ३रा मजला
गुढीची काठी गॅलरीच्या कठड्याला दोन ठिकाणी बांधा, वर आणि खाली. एकाच गाठीवर समुद्राच्या वाऱ्याने फिरते आणि तांब्या खाली. खाली पार्किंग असतं. तांब्यात कडुलिंबाच्या डहाळ्या घट्ट बसल्या की तो हलत नाही.

अक्षता
विसर्जन बादलीत: हार, दुर्वा, वस्त्र आधी काढा. मूर्ती पूर्ण बुडेल एवढं पाणी, आणि ढवळू नका. फूटभराची शाडूची मूर्ती रात्रीत विरघळते, माती झाडांना. सकाळी तशीच बसलेली दिसली तर दुकानदाराने शाडू म्हणून पीओपी दिलंय. मग पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा उपाय, अमोनियम बायकार्बोनेट, साधारण मूर्तीच्या वजनाइतकं. दोन-तीन दिवस लागतात, अधूनमधून ढवळावं लागतं. अमोनियाचा वास डोळ्यांत जातो, बाथरूममध्ये करू नका, गच्चीवर.

सायन सर्कल
कारीट कुठे मिळतं आता? इकडे नाही दिसत

पाव किलो
दिवाळीच्या आदल्या दोन दिवसांत दादर स्टेशनबाहेर, फुलवाल्यांकडे.

वसईची वाट
जास्तीची आणलीत तर मेसच्या फ्रीजमध्ये ठेवू नका. छोटी काकडी समजून कोणीतरी कोशिंबिरीत चिरतं, आणि ते जहर कडू असतं.

मेसची चावी
😂 आमच्या फ्रीजवर चिठ्ठी लावते. मराठी, इंग्रजी, फारसी. इथियोपियाची अम्हारिक कोण लिहून देईल?